गुग्गुळाच्या माळावरची बायडाबाई

बायडाबाई माझ्याकडे अकरा वर्षं होती. तिच्याविषयी लिहायला बसले तेव्हा आधी माझ्या जुन्या वह्या काढल्या. शाळेत सिस्टरांनी रोज संध्याकाळी पाच ओळी लिहायची सवय लावली होती, ती पुढे सुटली नाही. म्हणून तारखा माझ्याकडे आहेत. बाकीचं सगळं आहे असं म्हणवत नाही. ज्या दिवसांबद्दल जास्त लिहायला हवं होतं, त्याच दिवसांच्या ओळी कोरड्या आहेत.

यजमान सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. त्यांची बदली तेलगावला झाली १३२६ फसलीत. तेव्हा निजाम सरकारचं फसली साल चाले. इंग्रजी हिशेबाने ते १९१७. तेलगावच्या खाली काळी जमीन, ज्वारी आणि कापूस. दोन कोसांवर डोंगराची चढण लागते आणि तिथून वर मुरूम आणि दगड. त्या दगडात गुग्गुळाचा एक माळ होता. दुसरीकडे कुठे नाही, तिथेच. कुणी लावला होता की आपोआप आला होता, हे कुणाला सांगता येत नव्हतं.

गुग्गुळाचं झुडूप मी तोपर्यंत पाहिलेलं नव्हतं. माणसाच्या खांद्याइतकं उंच, वेडंवाकडं, फांदीचं टोक काट्यासारखं. पावसाळ्याचे तीन महिने त्याला पानं असतात, उरलेलं वर्ष ते राखेच्या रंगाचं उभं असतं. साल कागदासारख्या पापुद्र्यांनी सुटत जाते. वाढायला फार वेळ घेतं. खाच घालण्याजोगं व्हायला आठ-दहा वर्षं लागतात.

माळावर चार घरं होती आणि ती झुडपांतून निघणाऱ्या चिकावर जगत. थंडी उतरली की पुरुष बुंध्यावर खाच घालायचे. खाच सालीतून जायची, पण आतल्या लाकडाला लागायची नाही. मग थेंब येत, वाळत, पिवळे पडत, आणि बायका ते खरवडून पाटीत घेत. हे काम उन्हाळाभर चाले. माल बीडच्या बाजारात जाई. सांध्यांच्या वातावर वैद्य आणि हकीम दोघेही तो वापरत.

एकदा खाच घातलेल्या झुडपाला पुढची दोन वर्षं हात लावायचा नाही, हा माळाचा नियम. अशा झुडपाला ते लोक बाळंतीण म्हणत. पुढच्या थंडीच्या तोंडाला एखादी सवाष्ण आपल्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून त्या प्रत्येक झुडपाला बांधी. हिरवी चिंधी दिसली की माळावरचा माणूस वळसा घालून जाई. लिहून ठेवलेलं काही नव्हतं. कुठलं झुडूप कधी कापलं हे चिंधीवरून कळायचं. कापायचं काम पुरुषांचं, बांधायचं बायकांचं. ते काम बरीच वर्षं बायडाबाईकडे होतं.

पहिल्यांदा ती आली ती नवऱ्याबरोबर, पाटीभर गुग्गुळ घेऊन. यजमानांना त्या डिंकाचं कुतूहल होतं. सांधे धरलेल्या रोग्यांना विलायती औषधांनी जो उतार पडत नाही तो याने का पडतो, हे त्यांना पाहायचं होतं. ते काचेच्या पेल्यात स्पिरिट घेऊन त्यात खडा टाकत. काही भाग विरघळे, काही तळाशी बसे. विरघळतो तो राळेचा भाग, त्यात औषध असावं. तळाशी राहतो तो नुसता डिंक, तो पाण्यात विरतो आणि पाणी दुधासारखं होतं. असं त्यांनी मला सांगितलं आणि मी लिहून ठेवलं.

बायडाबाई दारात उकिडवी बसून पाहत होती. ती म्हणाली, "डाक्टरसायब, त्याला दारूत कशाला बुडविताव? चांगल्या वळणाचं झाड हाय आमचं, त्याला झिंगवू नका."

यजमान हसले. आमचा कंपाउंडर पाशा तिला म्हणाला, "मावशी, दारू नाही, दवा हाय ती. तुझ्या झाडाला आजपतर कुणी इतक्या इज्जतीनं बसवलं नसंल. कांचेच्या पेल्यात!"

"बसवा की मग. उठून पळायचं न्हाई ते. त्याला पाय असते तर कवाच पळून गेलं असतं माळावरून."

तिचा नवरा बाहेर उभा होता. त्याच्याविषयी माझ्या वहीत एवढंच आहे: "उंच. खोकतो."

१३२८ फसली, म्हणजे १९१८, सुरू झालं आणि मानमोडीचा ताप, इन्फ्लुएंझा, आला. सगळ्या मुलखात आला तसा तेलगावातही आला. दवाखान्याच्या अंगणात माणसं रांगेने निजवलेली असत. आमची धाकटी मुलगी आजूर महिन्याच्या एकवीस तारखेला, ऑक्टोबर सरताना, गेली. ती साडेतीन वर्षांची होती. वहीत त्या दिवशी पाच ओळी आहेत. चौथी ओळ हवेबद्दल आहे.

माळावर त्याच महिन्यात बायडाबाईचा नवरा गेला. सुग्रीवची बायको छबुबाई गेली. सुग्रीव माळावरचा कर्ता माणूस. त्याच्या शब्दाने तिथली कामं चालत. उरलेल्या दोन घरांतल्या दोन बायकाही आठ दिवसांच्या अंतराने गेल्या. पुरुष आणि मुलं राहिली. माळावर एकही सवाष्ण उरली नाही.

बहमन महिन्यात, म्हणजे डिसेंबरात, बायडाबाई माझ्याकडे आली. कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. ती मागच्या दाराने आली आणि पायरीच्या खाली उभी राहिली.

"बाई, तुमी सवाशीन हाव," ती म्हणाली. "हिरव्या लुगड्याची एक पट्टी द्या. जुनं असलं तरी चालतंय."

"कशाला?"

तिने मला बाळंतिणीचं सगळं सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात कापलेली साठेक झुडपं होती. ती कुठली, हे आता तिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. चिंध्या बांधल्या नाहीत तर पुढच्या महिन्यात त्यांवरच पुन्हा खाच पडायची. तिचं स्वतःचं लुगडं चालत नव्हतं. चिंधी सवाष्णीच्याच लुगड्याची हवी, म्हणून ती दोन कोस चालून आली होती.

माझ्याकडे एकच हिरवं लुगडं होतं. ते पेटीत होतं. पेटीत मुलीचेही कपडे होते आणि ती पेटी मी महिनाभर उघडली नव्हती. हे मी तिला सांगितलं नाही. मी म्हटलं, "अगं, झाडाला काय कळतंय हिरवं की पांढरं? खूण ती खूण." आणि दवाखान्यातल्या कपाटातून बँडेजच्या कापडाची एक गुंडाळी काढून तिच्या हातात दिली. स्वच्छ, पांढरं, नवं कापड. मी शिकलेली बाई होते. तिला चांगली वस्तू देते आहे असंच मला वाटत होतं.

ती गुंडाळीकडे पाहत राहिली.

"पांढरं हाय की ओ."

"नको असेल तर ठेव."

"न्हाई, ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. डॉक्टरच्या घरचं नको म्हणणं तिला जमलं नसावं. "तुमच्या हातचं हाय. चालंल."

तिने साठ झुडपांना ते कापड बांधलं. दोन दिवस लागले तिला.

पुढच्या आठवड्यात बबनराव नावाचा इजारदार माळावर आला. गुग्गुळाचा त्या सालचा इजारा, म्हणजे ठेका, त्याने घेतला होता. बरोबर बाहेरमुलखातले वीस-बावीस मजूर होते. त्यांना आपली भाषा येत नव्हती. सुग्रीवने त्याला आडवं जाऊन सांगितलं की चिंधीच्या झाडाला हात लावायचा नाही. बबनराव म्हणाला, "बरं बे, नाही लावत. आम्हाला झाडं थोडी हायत का?" आणि त्याने तो शब्द पाळला, असं मला अजूनही म्हणावं लागतं. जुन्या हिरव्या चिंध्यांची झुडपं त्याच्या माणसांनी खरंच सोडली.

पण त्याची स्वतःची एक रीत होती. मजुरांना बोलून सांगता येत नसे म्हणून तो आधी स्वतः माळ फिरे आणि जी झुडपं कापायची त्यांना पांढऱ्या कापडाची चिंधी बांधून ठेवी. मजुरांना एवढंच माहीत होतं: पांढरं म्हणजे काप. त्याने अर्धा माळ स्वतः बांधला. पलीकडच्या साठ झुडपांना ती आधीच बांधलेली होती.

तेव्हा मला हे माहीत नव्हतं. बायडाबाईलाही नव्हतं. ती त्या दिवसांत भावाकडे युसूफ वडगावला गेली होती.

त्या मजुरांची खाच वेगळी होती. कुऱ्हाडीने थेट लाकडापर्यंत. मग घोड्याच्या मुतात जुना गुग्गुळ कालवून केलेला लेप खाचेत भरत. तसं केलं की झुडूप तिप्पट चीक देतं. सगळी ताकद त्या एका उन्हाळ्यात ओतून देतं. विसाव्यातल्या झुडपाकडे मुळातच ताकद कमी. मजुरांनी पाट्याच्या पाट्या भरल्या. यजमानांनी त्यातला एक खडा मागून घेतला आणि स्पिरिटात टाकला. वहीत आहे: "तळाशी पुष्कळ राहिलं. राळ थोडी, डिंक फार. हे म्हणतात, वजन वाढलं, औषध नाही वाढलं." त्यांनी यावर हैदराबादला एक लांब पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

पाऊस झाला. बाकीची झुडपं पानांवर आली, पांढऱ्या चिंधीची आली नाहीत. बबनरावने बांधलेली गेली आणि बायडाबाईने बांधलेली साठही गेली. इजारा संपला होता, बबनराव निघून गेला होता. माळावर मागे राहिलेल्या माणसांना कुणाला तरी जाब विचारणं भाग होतं.

बैठक आमच्या दवाखान्याच्या अंगणात भरली, कारण यजमानांना पंच म्हणून बसवलं होतं. मी आतल्या खिडकीशी उभी होते. सुग्रीव उभा राहून बोलत होता. त्याचा एक पाय अजून लंगडत होता. महिन्यापूर्वी पायावर दगड पडला होता.

"बायडे, चिंधी तू बांधलीस?"

"मी बांधली."

"पांढरी कावून बांधलीस?"

"हिरवी कुठून आणू? माळावर कुणाच्या अंगावर हिरवं ऱ्हायलंय?"

"माझ्या सासरी मागायचं. तेलगावात मागायचं. सवाशिनी का मेल्यात सगळ्या?"



"हे कापड कुठलं?" दुसऱ्या घरातला म्हातारा म्हणाला. "इतकं नवं कोरं? तुझ्या नवऱ्यानं पुरून ठिवलतं का काय?"

कुणीतरी हसलं.

"घरचंच हाय," ती म्हणाली. "माझ्याच घरचं."

यजमानांनी त्या चिंधीकडे पाहिलं. ती सुग्रीवच्या हातात होती. मग त्यांनी खाली पाहिलं. त्यांना ओळखू आली होती. दवाखान्याचं कापड सरकारी होतं, ते बाहेर देता येत नसे. मला बाहेर जाऊन बोलायला चार पावलं होती. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. मला त्या वेळी काय वाटत होतं हे लिहायचा प्रयत्न मी नंतर बऱ्याचदा केला. काही वाटत नव्हतं. मुलगी गेल्यापासून तसंच होतं. आवाज लांबून यायचे.

बायडाबाईने पुन्हा माळावर पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. तिचं घर पडलं तरी चालेल, तिच्या वाट्याची झुडपं उरलेल्या तीन घरांत वाटली जातील. ती उठली, पदर झाडला आणि निघून गेली. संध्याकाळी मी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला कळलं होतं." आणखी काही नाही. वहीत त्या दिवशी आहे: "अंगणात बैठक. उकाडा. ताक आंबट झालं."

तिसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाई मागच्या पायरीशी उभी होती.

"काम हाय का?"

"आहे," मी म्हटलं.

तिला आम्ही गुग्गुळ शुद्ध करायचं काम दिलं. यजमान आता रोग्यांना तो देऊ लागले होते. कच्चा दिला तर पोट बिघडतं, अंगावर पुरळ येतं. म्हणून खडे कापडात बांधायचे, त्रिफळ्याच्या काढ्यात ती पुरचुंडी लोंबती सोडायची आणि मंद आचेवर ठेवायची. चांगला भाग काढ्यात उतरतो. माती, साल, खडे पुरचुंडीत राहतात. मग तो काढा आटवून, तुपाचा हात लावून वड्या करायच्या. दिवसभर चुलीपाशी बसावं लागे. तिला ते पटकन जमलं. मालात सालईचा डिंक मिसळलेला असला तर विस्तवावर टाकून वासावरून ती ओळखे, आणि पाशाला हाक मारून म्हणे, "घ्या, पुन्हा लग्नाच्या पोरीऐवजी म्हातारी दिलीया."

त्याच पावसाळ्यात तिने दवाखान्याच्या मागे कलमं लावली. वाचलेल्या झुडपांच्या फांद्या सुग्रीवच्या पोराने तिला आणून दिल्या. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, हातभर लांबीच्या शंभर फांद्या. मुरुमाच्या ढिगात तिरप्या खोचल्या. ती नसताना पाशाने त्यांना आठ दिवस दोन्ही वेळा पाणी घातलं. ती परत आली आणि तिने एक फांदी उपटली. खाली काळी, बुळबुळीत.

"पाशाभाई, ह्यांना काय केलंत?"

"पानी दिलं, मावशी. प्यासी होती."

"प्यासी न्हाईत ती. तुमच्यासारखी न्हाईत. त्यांना पान्यात मरण हाय. पाऊस पडंल तेवढंच पियाचं त्यांनी."

"मग बाकीच्या दिवशी काय करायचं?"

"काय न्हाई. बघायचं न्हाई त्यांच्याकडं. तेच तुमाला जमंना."

शंभरातली एकतीस जगली. पुढच्या पावसाळ्यात पाशा ती बैलगाडीतून माळावर घेऊन गेला आणि सुग्रीवच्या पोरांनी ती मेलेल्या झुडपांच्या जागी लावली. बायडाबाई गाडीबरोबर चढणीच्या सुरुवातीपर्यंत जाई आणि तिथून परत येई. वर काय लावलं, कुठं लावलं, हे ती पाशाला विचारून घेई. प्रत्येक जागा तिला माहीत होती: कुठल्या धोंड्याशेजारी, कुठल्या उतारावर. पाशा एकदा चुकीचं सांगू लागला तर म्हणाली, "तिथं दगड न्हाई, बारव हाय. नीट बघून या." आणि त्याला पुन्हा पाठवलं.

असं सात पावसाळे चाललं. माझ्या वह्यांत आकडे आहेत. दुसऱ्या साली शंभरातली चव्वेचाळीस, तिसऱ्या साली अवर्षण पडलं तेव्हा नऊ. सगळी मिळून दोनशे सहा माळावर गेली. गुग्गुळाला बी फार थोडं रुजतं, पाखरं खातात तेवढंच पसरतं. माणसाने कलम लावलं नसतं तर तो माळ माझ्या हयातीत पुन्हा उभा राहिला नसता. यजमान हे एकदा पाशाला समजावून सांगत होते. बायडाबाई पुरचुंडी हलवत होती. तिने मान वर केली नाही.

त्या वर्षांत ती आमच्याकडे जेवली, मागच्या पडवीत निजली, सणाला माहेरच्यासारखं लुगडं तिला मी घेत असे. मी तिच्याशी खूप बोलायचे. तिच्या गुडघ्यांबद्दल, चुलीबद्दल, हवेबद्दल. त्या चिंध्यांबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही. ती कधी टोचून बोलली नाही. मी कधी कधी वाट पाहत असे की आज बोलेल.

यजमान १३३८ फसलीत गेले. दवाखान्याची जागा सोडावी लागली. मी तेलगावातच दोन खोल्या घेतल्या. बायडाबाईने भांडी, त्रिफळ्याचा डबा आणि मातीची शेगडी उचलून नव्या घरी आणली. मला विचारलं नाही. वैद्यांचं काम येत होतं, ते आम्ही करत राहिलो. माझंही कपाळ आता मोकळं होतं. ती एकदा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आता दोघीबी सारख्या."

पुढच्या वर्षी इस्फंदार महिन्यात, जानेवारीची चार तारीख होती, सुग्रीव आला. तो फार म्हातारा झाला होता. मी त्याला ओसरीवर बसवलं. बायडाबाई शेगडीपाशी होती आणि तिने त्याच्याकडे पाठ केली.

"बायडे," तो म्हणाला, "माळावर ये."

"कावून?"

"तू धाडलेली झाडं मनगटाएवढी झालीत. यंदा पहिली खाच घालायची. पोरं घालायलेत, पण लई खोल जातेत. काल दोन झाडं लाकडापतर चिरली. माझ्या डोळ्याला दिसत न्हाई. तुझा नवरा असता तर त्याला बोलावलं असतं. तो खाच घालताना तू इतकी वर्षं त्याच्या मागं उभी हुतीस, तुला ठावं हाय कुठं थांबायचं."

"बायका खाच घालत न्हाईत."

"आता घालतील."

ती वड्या वळत राहिली. मी तिथेच बसले होते. यजमान नव्हते, सरकारी कापडाचा जाब कुणाला द्यायचा नव्हता. मी म्हटलं, "सुग्रीव, ते पांढरं कापड मी दिलं होतं. तिने हिरवं मागितलं होतं."

सुग्रीवने माझ्याकडे पाहिलं.

"ठावं हाय, बाई."

"केव्हापासून?"

"त्याच दिशी. माझ्या पायाला तसलीच पट्टी हुती की. डाक्टरसायबानी बांधलेली. बैठकीत सगळ्यांना कळलं."

"मग तिला का काढलं?"

"मग कुणाला काढायचं हुतं?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तुमाला काढून आमी दवा कुठून आणली असती? माणसं मरायलती. आन् काय न करावं तर दुसऱ्या साली कुणीबी कसलीबी चिंधी बांधली असती. कुणाला तरी काढावं लागतंय. ती काय बोलली न्हाई, मग तिलाच काढलं."

बायडाबाईने वडी ताटलीत ठेवली. तिने बोटं पुसली.

"पाव्हण्याला चहा टाका, बाई," ती म्हणाली. "माझे हात चिकट हायत."

मी चहा टाकला. तिघांनी घेतला. सुग्रीव निघाला तेव्हा ती त्याच्या मागे निघाली नाही. त्याला वाटलं ती येणार नाही, मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा शेगडी पुसून उलटी ठेवलेली होती आणि ती गेली होती. दुसरं लुगडं आणि कात्री घेऊन गेली होती. पाटा-वरवंटा, डबे, सगळं जागच्या जागी.

मी पंधरा दिवस थांबले. मग पाशाच्या मुलाची बैलगाडी केली आणि चढणीपर्यंत गेले, पुढे पायी. माळ मी दहा वर्षांत पाहिला नव्हता. झुडपं राखेच्या रंगाची, दगडांमधून दूरवर उभी. पान नव्हतं. बायडाबाई एका बुंध्याशी खाली बसली होती. तिच्या शेजारी दोन पोरी उकिडव्या बसल्या होत्या आणि ती त्यांना दाखवत होती. तिच्या हातात लहान धारेचा विळा होता. ती तो सालीवर टेके, थोडा दाबे, आणि मग थांबे. विळा तसाच धरून ती काही क्षण राही. मग काढून घेई.

"बघितलं का, कुठं थांबले?" ती पोरींना म्हणाली. "आता तू कर. थांबायचं बघ, चिरायचं बघू नको."

पोरीने केलं. बायडाबाईने बोटाने खाच चाचपली. "खोल गेलीस. पुढचं झाड."

मी जवळ जाऊन उभी राहिले. तिला माझी चाहूल लागली असावी. तिने मान वर केली.

"बायडाबाई," मी म्हटलं, "तेव्हा मी बोलायला हवं होतं."

ती विळ्याची धार अंगठ्याने पुसत होती.

"हं," ती म्हणाली.

मी आणखी काही बोलेन म्हणून ती थोडी थांबली असेल. मी बोलले नाही. मग तिने हात करून मागच्या धोंड्याकडे दाखवलं. "तिकडं सावलीला बसा, बाई. इथं ऊन लई हाय. अजून सोळा झाडं ऱ्हायलीत."

मी जाऊन बसले. ती सोळा झाडं होईपर्यंत बसले. दुपार कलल्यावर सुग्रीवच्या सुनेने मला भाकरी आणि ठेचा आणून दिला. खाली उतरताना बायडाबाई निरोप द्यायला उठली नाही; तिचं काम चालू होतं.

ती नंतर तेलगावला राहायला आली नाही. मी पाच वर्षं दर थंडीत माळावर जात राहिले आणि तिने दर खेपेला मला त्याच धोंड्याच्या सावलीत बसवलं. ती १३४४ फसलीत माळावरच्या तिच्या घरात गेली, तापाने, दोन दिवसांत. सुग्रीवची सून सांगायला आली. त्या संध्याकाळी मी वहीत पाच ओळी लिहिल्या. तीन तिच्याबद्दल आहेत.